रेषेवरची खुर्ची: नाशिक ते विम्बल्डन आणि परत

प्रवासाची हकीकत सांगणारे लोक आधी निघण्याचा दिवस सांगतात. मी आधी कारणे सांगतो आणि त्या कारणांना जबाबदार कोण तेही नोंदवतो.

होळीनंतरचा शनिवार. आमच्या जिमखान्याच्या कार्यकारिणीने ठराव केला की हिरवळीवरील हिवाळी टेनिस स्पर्धेत यापुढे रेषापंच बसणार नाहीत, चेंडू आत की बाहेर हे यंत्र सांगेल. जबाबदार: अध्यक्ष, हात वर करणारे सर्व सदस्य, आणि ठराव पटलेला नसताना चहाच्या कपाकडे बघत राहिलेले दोघे.

रामनवमीची सकाळ. सर्वांत ज्येष्ठ रेषापंच श्री. गायधनी यांना हा निर्णय मोबाइलवरच्या संदेशाने कळवण्यात आला. गायधनी पंचवटीतले तीर्थोपाध्याय. त्या दिवशी त्यांच्या दाराशी यजमानांची रीघ लागते आणि त्यांना घोटभर पाणी प्यायला फुरसत नसते, हे नाशकात कोणालाही सांगावे लागत नाही. जबाबदार: मानद सचिव.

संपूर्ण मे महिना. मी पत्रे लिहिली, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. पोचपावत्या आल्या, उत्तरे आली नाहीत. अखेर एकाच ओळीचे उत्तर आले: "विम्बल्डननेही हेच केले आहे." जबाबदार: मानद सचिव, पुन्हा.

यांची नावे मी मुद्दाम देत नाही. जाब पदाला विचारायचा असतो.

निघण्यापूर्वी

सारी हयात मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली केली. समोरच्या पक्षाने एखादा पूर्वनिवाडा पुढे केला की तो मुळातून वाचल्याशिवाय मी कधी उत्तर दिले नाही. पुष्कळदा असे आढळे की निवाड्यातले एक वाक्य उचलले आहे आणि त्याच्या पुढचे परिच्छेद सोयीस्करपणे सोडले आहेत. आता समोरच्या पक्षाने विम्बल्डन पुढे केले होते. धाकटी मुलगी मृदुला लंडनला नोकरी करते आणि "बाबा, या ना एकदा" असे दर दिवाळीला म्हणते. मी तिला कळवले की येतो. फिरायला नाही, पडताळणीला येतो.

निघायच्या आदल्या दिवशी गायधनी घरी आला. (लोकांसमोर मी त्याला अहोजाहो करतो, एरवी आम्ही दोघे शाळेपासूनचे.) त्याला वाटले होते त्याच्यावरून मी तिथे काही तरी वाद उकरून काढीन. म्हणाला, "वकील, तिथं भांडू नकोस. नुसतं बघून ये. आणि बघताना बघच, वकिली करू नकोस."

मी त्याला कोणतेही आश्वासन दिले नाही.

ज्यांनी आमचा जिमखाना पाहिलेला नाही आणि पाहणारही नाहीत त्यांच्यासाठी आमच्या हिरवळीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमचे कोर्ट हरळीचे. जी दूर्वा गणपतीला वाहतो तीच. माझ्या लहानपणी रोलर बैलाने ओढला जाई आणि गवतावर खुरे उमटू नयेत म्हणून बैलाच्या पायांना गोणपाट बांधलेले असे. तो बैल आम्हा पोरांना मोजे घातलेला वाटायचा. रेषा चुन्याच्या फक्कीच्या, रोज सकाळी दोरी ताणून हाताने मारायच्या. खेळ पांढऱ्या कपड्यांत. मधल्या सुट्टीत तिखटमीठ लावलेले पेरू. विम्बल्डन आम्हाला आधी रेडिओवरून ऐकू आले, मग दूरदर्शनवर दिसले. आमच्या आळीत एकाच घरी टीव्ही होता, तोही कृष्णधवल. अंतिम सामन्याला त्या घरची माउली सतरंजी अंथरून ठेवायची. चेंडू बाहेर गेला की पडद्यावर कडेला बसलेला माणूस हात आडवा करायचा आणि आमच्यातली चार पोरे सतरंजीवर बसून तस्साच हात आडवा करायची. त्या चारांतला एक गायधनी. बाकीचे सारे खेळाडू व्हायला निघाले. तो एकटाच म्हणाला, मला तिथे बसायचे आहे.

रांग

विम्बल्डनचे तिकीट आधी मिळाले नाही तरी त्याच दिवशी रांगेत उभे राहून आत जाता येते. ही रांग तिथल्या परंपरेचाच भाग आहे. मृदुला मला पहाटे एका मोठ्या उद्यानात घेऊन गेली. दव पडलेले, समोर तंबू ठोकून राहिलेली माणसे, आणि रांगेच्या शेवटी झेंडा धरून उभा असलेला एक स्वयंसेवक. त्याने हातात क्रमांकाचे कार्ड दिले आणि नियमांची पुस्तिका दिली. पुस्तिका मी तिथेच गवतावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. दुसऱ्यासाठी जागा धरून ठेवता येत नाही, कार्ड दुसऱ्याला देता येत नाही, थोड्या वेळासाठी उठलात तर चालते. मला ती फार आवडली. मला त्र्यंबकेश्वरची दर्शनबारी आठवली. तिथे बारीत उभा असलेला प्रत्येक जण मनातून हाच विचार करत असतो की पुढे आपल्या ओळखीचे कोण आहे. इथे कोणाची कोणाशी ओळख नव्हती, आणि त्याचा कोणाला कमीपणाही वाटत नव्हता.

आमच्या पुढे घडीची खुर्ची मांडून एक वयस्क बाई बसल्या होत्या. नाव डोरीन. मी त्यांना मनातल्या मनात डोरीनबाई म्हणू लागलो आणि पुढे तोंडातूनही तेच निघाले. त्यांनी हरकत घेतली नाही. त्यांनी काकडीचे सँडविच दिले. ब्रेड इतका पातळ की पलीकडची काकडी दिसावी. मी नाशिकचा चिवडा पुढे केला. त्यांनी एक चिमूट तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी आले, आणि डबा मात्र त्यांनी परत दिला नाही.

बोलता बोलता कळले की त्या निवृत्त रेषापंच. कित्येक उन्हाळे याच हिरवळीवर, रेषेच्या टोकाशी, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभ्या राहिलेल्या. आता प्रेक्षक म्हणून आल्या होत्या आणि प्रेक्षकासारख्या रांगेत बसल्या होत्या.

मला हवा तो साक्षीदार आपणहून मिळाला होता. माझे इंग्रजी कोर्टात घडलेले आहे, त्यात एकामागून एक प्रश्नच येतात. थोड्या वेळाने मृदुला मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांची उलटतपासणी घेताय."

"सरतपासणी," मी म्हणालो. "साक्षीदार आपल्या बाजूचा आहे."

तो तसा आपल्या बाजूचा नव्हता हे लवकरच कळले. यंत्र तुमच्यापेक्षा अचूक आहे का, असे विचारले तर त्या म्हणाल्या, हो, कितीतरी. तुमच्यावर अन्याय झाला का, तर म्हणाल्या, नाही. आम्हाला आधीच सांगितले होते, काही जणांना दुसरे काम मिळाले, माझे गुडघे तसेही कुरकुरत होते. मग काही चुकल्यासारखे वाटते का? यावर त्या थर्मासचे झाकण फिरवत म्हणाल्या, "आता माझ्यावर कोणी चिडत नाही."

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि डोरीनबाई जुन्या गोष्टी सांगत होत्या. अठराशे सत्त्याहत्तर साली ही स्पर्धा सुरू झाली ती म्हणे क्लबच्या रोलरच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करायला. तो रोलर तट्टू ओढायचे. मी आमच्या मोजे घातलेल्या बैलाची हकीकत सांगितली तेव्हा त्या खुर्चीतून पडायच्या बाकी राहिल्या. पुरुषांच्या करंडकावर अननस का आहे हे आजतागायत कोणालाही नक्की सांगता येत नाही. पांढऱ्या कपड्यांचा नियम इतका कडक की आतल्या कपड्याची कड रंगीत दिसली तरी बदलावी लागे. बायकांना त्यात अलीकडे सूट मिळाली आहे. बिनमानांकित सतरा वर्षांचा पोरगा इथे जिंकून गेला. एका बाईंनी नऊदा एकेरीचे विजेतेपद घेतले, पुरुषांत आठाच्या पुढे कोणी गेलेले नाही. आणि जगातला सर्वांत लांब सामना इथलाच, तीन दिवस चाललेला, शेवटच्या सेटमध्ये सत्तर-अडुसष्ट.

या शेवटच्या गोष्टीतला एक तपशील माझ्या टिपणात अधोरेखित आहे. त्या सामन्यात इलेक्ट्रॉनिक धावफलक सत्तेचाळीस-सत्तेचाळीसवर थांबला, कारण खेळ त्यापुढे जाऊ शकेल हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पंच मात्र मोजत राहिले.

मग त्यांनी मला विचारले की तुमच्या गावात रेषापंच एवढे महत्त्वाचे का? म्हणून मी त्यांना जाबाचा चहा सांगितला.

आमचा जिमखाना वकिलांनी स्थापन केला. त्यामुळे की काय, तिथे एक रीत पडली. दिवसाचा खेळ संपला की कडुनिंबाखाली चहा व्हायचा आणि त्या वेळी कोणताही खेळाडू कोणत्याही रेषापंचाला त्याच्या निर्णयाचे कारण विचारू शकायचा. कोर्टावर ब्र काढायचा नाही, पण चहाला विचारायचे. रेषापंचाने उभे राहून उत्तर द्यायचे. निकाल बदलायचा नाही. उत्तर मात्र मिळायचे. असली रीत नाशिकच्या वकिलांनाच सुचावी. बाहेरगावचे खेळाडू हसायचे आणि दुसऱ्या वर्षी तेच आधी हात वर करायचे.

माझ्या तारुण्यात मी एकदाच अंतिम फेरीत पोचलो. माझा मॅच पॉइंट. प्रतिस्पर्ध्याचा फटका मागच्या रेषेजवळ पडला, गायधनीने "आउट" म्हणून हात आडवा केला, मी रॅकेट हवेत फेकली आणि आमच्या आळीतले लोक आत धावले. त्या गलक्यात गायधनी उभा राहिला. त्याने हात वर केला आणि म्हणाला, दुरुस्ती, चेंडू आत होता. गुण पुन्हा खेळला गेला. पुढे सामना मी हरलो.

चहाला मी त्याला विचारले. सगळे ऐकत होते. तो कप खाली ठेवून उभा राहिला.

"हाक दिली तेव्हा मला बाहेर वाटला होता. मग फक्की उडालेली दिसली. तोवर तू रॅकेट फेकली होतीस. तू रॅकेट फेकलीस म्हणून माझी चूक बरोबर ठरत नाही."

त्या वर्षी मी त्याच्याशी बोललो नाही. पण त्यानंतर न्यायाधीशासमोर उभा राहताना, निकाल विरुद्ध गेला तरी, कारण ऐकून घ्यायला मी शिकलो तो तिथेच.

डोरीनबाईंनी चिवड्याचा डबा माझ्या हातात दिला.

हिरवळीच्या कडेला

दुपारी आत गेलो. सर्वांत स्वस्त तिकिटात मोठ्या कोर्टांवर जाता येत नाही, बाहेरच्या छोट्या कोर्टांच्या कडेला बाकावर बसता येते. माझ्या दृष्टीने तेच बरे. रेषा हाताच्या अंतरावर.

ही हिरवळ मी लहानपणी त्या कृष्णधवल टीव्हीवर करडी पाहिली होती आणि मनात ती तशीच राहिली होती. ती इतकी हिरवी असेल असे मला खरोखर वाटले नव्हते. मी बराच वेळ खेळ न पाहता नुसते गवत पाहत होतो. त्याचा वास आपल्या हरळीसारखा नाही. थोडा थंड, धुतलेल्या पालेभाजीसारखा. मग लक्षात आले की मागच्या रेषेच्या टोकाशी, जिथे दूरदर्शनवर तो माणूस बसायचा, तिथे काही नाही. कोणी तरी उठून गेले आहे असेही वाटत नाही. तिथे कधी कोणी असेल असे वाटूच नये इतके सारे नीटनेटके.

चेंडू बाहेर गेला की कुठून तरी आवाज येतो, "आउट." हे आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवले आहेत, असे मृदुला म्हणाली. एका खेळाडूला निर्णय पटला नाही. तो थबकला, मान वळवली, रेषेपाशी रागाने बघायला कोणी सापडले नाही, म्हणून आकाशाकडे बघितले, मग उंच खुर्चीवरच्या मुख्य पंचाकडे, आणि पुन्हा सर्व्हिसच्या जागी गेला.

मृदुलाने स्ट्रॉबेरी आणि क्रीम आणले. फळे चांगली होती, तरी आमच्या सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी रस्त्याच्या कडेला उभ्याने खाताना जी लागते ती वेगळीच, हे मी निर्विकारपणे नोंदवतो. मी वाटी मांडीवर ठेवली होती. माझ्या डावीकडे डोरीनबाई. रेषेजवळ एक जोरकस फटका पडला आणि डोरीनबाईंचा उजवा हात तलवारीसारखा आडवा सुटला. वाटी उडाली. माझ्या पांढऱ्या पँटवर, जी मी मुद्दाम विम्बल्डनसाठी शिवून घेतली होती, लाल-पांढरा ओघळ आला. त्याच वेळी आवाज झाला: "आउट."

त्यांनी हात आवरून मांडीवर ठेवला. मग रुमालाने माझी पँट पुसू लागल्या, माफी मागत राहिल्या, आणि मध्येच हळूच मृदुलाकडे वळून विचारले, "मी मशीनच्या आधी होते ना?"

मृदुला म्हणाली, आधी होतात. मीही तशी साक्ष दिली.

संध्याकाळी त्यांचा निरोप घेतला. मी त्यांना सांगितले की मी आलो होतो पुरावा गोळा करायला आणि तुम्ही माझा दावा कमकुवत केलात. त्या म्हणाल्या, मग दावाच नीट मांडायला हवा.

ते खरे होते. मी जे पाहिले ते प्रामाणिकपणे असे: यंत्र चांगले आहे. रेषा कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे. आणि उंच खुर्चीवर अजूनही एक माणूस बसतो, ज्याच्याकडे बघता येते. हा संपूर्ण निवाडा. आमच्या सचिवांनी त्यातले पहिले वाक्य उचलले होते.

परत

नाशकात आल्यावर गायधनीला सगळे सांगितले. रामकुंडावरून आलेला, ओले धोतर वाळत घातलेले, सोप्यावर बसून तो ऐकत होता. हिरवळ, रांग, अननस, कशाचेच त्याला कौतुक वाटले नाही. त्याने एकच विचारले.

"त्या बाईंचा हात खरंच आधी गेला?"

"हो."

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, जाऊ दे वकील, पत्रं लिहू नकोस आता.

मी लिहिली नाहीत. आणि इथपर्यंत येऊन हे प्रवासवर्णन संपलेही असते. पण दसऱ्याच्या आधीच्या रविवारी जिमखान्याने यंत्राची चाचणी ठेवली आणि सर्व सभासदांना बोलावले.

यंत्र म्हणजे कोर्टाच्या चार कोपऱ्यांना बांबूवर बांधलेले मोबाइल आणि खाली टेबलावर एक लॅपटॉप. सचिव उत्साहात होते. वयाने मुलासारखे आहेत, मला काका म्हणतात. "काका, आता वाद मिटले बघा," ते म्हणाले. "आणि तुम्ही तर स्वतः जाऊन बघून आलात. तिथंही हेच आहे की नाही?"

खेळ सुरू झाला. यंत्र बाईच्या आवाजात इंग्रजीत बोलत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. गायधनी तारेच्या कुंपणाबाहेर उभा होता. पांढरी पँट, पांढरा शर्ट. का घालून आला हे मी विचारले नाही.

मग एक चेंडू आमच्या बाजूच्या मागच्या रेषेवर पडला. फक्कीचा पांढरा धूर उडाला, सगळ्यांनी पाहिला. लॅपटॉप म्हणाला, "आउट."

असे का झाले ते सगळ्यांना ठाऊक होते. यंत्राने रेषांचे माप घेतले होते आदल्या आठवड्यात, एकदाच. आमच्या रेषा रोज सकाळी दोरी लावून नव्याने मारतात. त्या रोज बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकतात. माणूस समोरची रेषा बघतो. यंत्र माप घेतलेल्या दिवशीची रेषा बघत होते, जी आता कोर्टावर नव्हतीच.

सचिव म्हणाले, सेटिंगचा विषय आहे, कंपनीला विचारतो. कंपनीचा मुलगा फोनवर म्हणाला, तुमचं कोर्ट सरकतंय. कोणी तरी म्हणाले, मग गुण कोणाचा? खेळाडू रॅकेट धरून उभा. आणि तेव्हा, कोणी न सांगता, तिथल्या जवळजवळ प्रत्येकाची मान कुंपणाकडे वळली.

सचिवांनीच शेवटी विचारले, "गायधनीकाका, काय होता हो?"

गायधनीने सचिवांकडे पाहिले, मग रेषेकडे पाहिले. फक्कीवर उमटलेला चेंडूचा ठसा अजून तसाच होता. त्याच्या उजव्या हाताची बोटे मांडीशी एकदा हलली, ती मी पाहिली.

"मला विचारायचं नाही असं ठरलंय ना," तो म्हणाला, अगदी साध्या स्वरात, आणि सायकल घेऊन फाटकातून निघून गेला.

गुण कोणालाच दिला नाही. चाचणी यशस्वी झाल्याचे दुसऱ्या दिवशी सभासदांच्या ग्रुपवर जाहीर करण्यात आले.

स्पर्धा मार्गशीर्षात आहे. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. समुद्रापलीकडे जाऊन त्याचा चांगुलपणा पाहून, पँटवर डाग पाडून घेऊन, मी तो इथे मान्य केला आहे. माझे म्हणणे इतकेच की आमच्या कोर्टावरची रेषा रोज नवी असते आणि ती कोणाला तरी रोज नव्याने बघावी लागेल. त्या माणसाला ज्यांनी सणाच्या सकाळी एका संदेशात घरी बसवले, त्यांनी त्याला आपल्या तोंडाने, त्याच्यासमोर कारण सांगितलेले नाही. आजही सांगितलेले नाही.

म्हणून मानद सचिवांना मी जाहीरपणे विचारतो. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, पहिला चेंडू मारला जाण्यापूर्वी, सर्व प्रेक्षकांसमोर आणि श्री. गायधनी यांच्यासमोर त्यांनी सांगावे: त्या रविवारचा तो चेंडू आत होता की बाहेर?

मी आयुष्यभर लेखी उत्तरे मागितली. हे उत्तर मला लेखी नको आहे. ते त्यांनी उभे राहून द्यावे.